दाराखालची बोटं

बंद दाराबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. लेक येऊन बसली होती. माझ्या टीबीचा संसर्ग ओसरेपर्यंत तिला आत यायला बंदी होती.

“गोळी घेतलीस का?”

“घेतली, आजीबाई.”

“मेले सगळे जंतू?”

“मरतायत गं. पण ही गोळी जरा वेंधळी आहे. आपल्या पेशींमध्ये ताकद बनवणारे इवलेसे भाग असतात. त्यांचे पूर्वज म्हणे जंतूच होते. गोळीला ते अजून जंतूंसारखेच वाटतात, म्हणून ती त्यांचंही काम बंद पाडते.”

“मग काय होतं?”

“होतंय काय, जरा दमायला होतं.”

ताकद पोचली नाही की नसा बधिर होतात आणि बोटांच्या टोकांना काही कळेनासं होतं, हे डॉक्टरांचं बोलणं मी तिच्यापासून लपवलं.

“हात तरी दे ना,” ती म्हणाली.

कितीतरी दिवसांत मला कुणी शिवलं नव्हतं. मी फरशीवर आडवी झाले आणि दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर सरकवली. पलीकडे ती खुदकन हसली.

“आई, ओळख बघू, मी तुझं कुठलं बोट धरलंय?”