एकाच माणसाची जागा

"नोंदवही मी कुणाच्या हातात देत नाही," मिसेस लाव्हेल म्हणाल्या. "मी वाचते, तू लिहून घे. आल्यागेल्या सगळ्यांना हाच नियम."

ऊनाने निमूटपणे पेन काढलं. इंग्लंडहून बोटीने आणि मग दोन बस बदलून ती आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या या चर्चच्या कचेरीत पोचली होती. हुज्जत घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिचे वडील मार्टिन गेराटी अठ्ठावन्नाव्या वर्षी हॉस्पिटलात होते. फुप्फुसं गेली होती, आणि डॉक्टर ईस्टरपलीकडचं काही बोलत नव्हते. जन्मभर विटा रचणाऱ्या आणि कधी कुणाकडे काही न मागणाऱ्या त्या माणसाने आता एकच हट्ट धरला होता. मला आपल्या माणसांत पुरा.

आपली माणसं कोण, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो अनाथाश्रमात वाढला. तिथल्या कागदावर त्याचं नाव, या गावाचं नाव आणि जन्म मे १९३८ एवढंच होतं. आणि इथल्या दफनभूमीत घराण्याची जागा असल्याशिवाय बाहेरच्या माणसाला पुरत नसत.

मिसेस लाव्हेल पंच्याहत्तरीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. छत्तीस वर्षं या वह्या त्याच सांभाळत होत्या. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून पणजोबा शोधत येणाऱ्यांची त्यांना इतकी सवय होती, की समोरच्याचा आवाज बदलला की त्या न बघताच कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवत.

"सापडला," त्या म्हणाल्या. बोट वहीवर, नजरही वहीवरच. "मार्टिन. बाप्तिस्मा बारा मे. बाप अँथनी गेराटी, आई विनिफ्रेड. वाडी डेरीन."

ऊना लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे रीतसर आईबाप होते? दोघंही?"

"होते."

"मग टाकलं कशाला?"

"ते वहीत लिहीत नाहीत."

"काय लिहितात मग?"

"जन्म लिहितात. पुढे लग्न. माणूस जगात कुठेही लग्न करो, तिथला फादर इथे कळवतो, आणि ते बाप्तिस्म्याशेजारी समासात चढतं. मीच चढवते." त्यांनी वही मिटली आणि जमिनीच्या जुन्या नोंदींची नक्कल पसरली. मालक बदलला की आधीचं नाव खोडायचं आणि वर नवं लिहायचं, दर वेळी वेगळ्या शाईने. डेरीनच्या ओळीत मायकेल लाल शाईने खोडलेला होता, पॅट्रिक निळ्या. त्यावर हिरव्या शाईत अँथनी.

"चौदा एकर," ऊना म्हणाली. "चौदा एकर जमीन, आणि एक पोर जड झालं. तान्हं लेकरू दुसऱ्यांच्या दारात ठेवून आली. कसली आई म्हणायची ही?"

मिसेस लाव्हेलनी खोका सरकवला. ऊना रडत नव्हती. मग त्यांनी स्वतःच एक रुमाल ओढला आणि चष्मा पुसत बसल्या.

"तुझा बाप काय म्हणतो तिला?"

"बाबा? त्यांचं आपलं एकच, बिचारीचा नाइलाज असेल. ते संत आहेत, मी नाही. मला भेटली असती ना, तर तोंडावर सांगितलं असतं."

"आत्ता बोललीस तेवढं पुरे, पोरी. ऊठ, जागा दाखवते."

दफनभूमी टेकाडावर होती. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. दगडावर अँथनी आणि विनिफ्रेड यांची नावं होती आणि खाली थोडी कोरी जागा. गवत नुकतंच कापलेलं होतं.

"इथे आता एकाच माणसाची जागा उरलीय," मिसेस लाव्हेल म्हणाल्या.

"कुणासाठी राखलेली?"

"होतं कुणीतरी. आता नाही लागायची." त्यांनी पर्स गुडघ्यावर टेकवून एक चिठ्ठी लिहिली. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. "हा जागेचा नंबर. कॉव्हेन्ट्रीहून पेटी आणायची म्हणजे आठवडा मोडेल, तेवढा धर."

ऊनाला एकदम हलकं वाटलं. तिने चिठ्ठी जपून पाकिटात ठेवली.

मार्टिनने ती दोन नावं ऐकली, दोनतीनदा स्वतःशी म्हणून पाहिली आणि नर्सलाही सांगितली. मार्चमध्ये तो गेला.

पुरण्याच्या दिवशी पाऊस होता. गावाने त्याला कधी पाहिलंही नव्हतं, तरी रिवाजाप्रमाणे सगळे ओळीने आले आणि ऊनाचा हात दाबून गेले. मिसेस लाव्हेल तेवढ्या ओळीत आल्या नाहीत. त्या भिंतीशी उभ्या होत्या. सगळे पांगल्यावर थडग्यापाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या.

कचेरीत नवे, तरुण फादर कॉनल मृत्यूची नोंद करत होते. "लाव्हेलबाईंनी मन मोठं केलं हं," ते म्हणाले. "आईबापाशेजारची स्वतःची जागा देऊन टाकली."

"आईबापाशेजारची?"

"अँथनी गेराटींची एकुलती एक लेक ना ती. लग्नानंतर लाव्हेल झाली. तुला बोलली नाही?"

म्हणजे बाबांची सख्खी बहीण. ऊना भडकली. लेक ठेवली आणि लेक ठेवून मुलगा टाकला. आणि ही बाई ताठ मानेने समोर बसून सगळं ऐकत राहिली, चकार शब्द बोलली नाही.

"जन्मतारीख जरा तपासून दे मला," म्हणत फादरनी बाप्तिस्म्याची वही सरळ तिच्या हातात दिली.

ऊनाने बारा मे काढला. समासात, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात तिच्या वडिलांचं लग्न होतं. कॉव्हेन्ट्री, १९६१. शेजारी बापाच्या नावाची जागा कोरी होती, आणि आईच्या जागी जुन्या फिकट शाईत लिहिलं होतं, सबायना गेराटी. ऊनाने मान वर केली.

"फादर, लाव्हेलबाईंचं पहिलं नाव काय?"

"सबायना," फादर म्हणाले.