झेनोनची खुर्ची

"तिथे नको बसूस, पोरी. ती झेनोनची खुर्ची आहे."

बोग्ना टेकता टेकता उठली. शेगडीलगतची खुर्ची रिकामीच होती. गावच्या अग्निशमन दलाची ती स्वयंसेविका. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघर धोक्याची सूचना देणारी यंत्रं बसवत फिरत होती. सकाळपासूनचं हे सातवं घर. म्हातारीच्या नवऱ्याला, झेनोनला, पुरून चार वर्षं झाली होती. त्याच्या शवपेटीला तिच्याच वडिलांनी खांदा दिला होता.

"आजोबा येतात वाटतं?" तिने हसत विचारलं.

"रविवारपासून. थंडी वाढली म्हणून शेगडी पेटवली, खिडक्यांच्या फटीत कापूस कोंबला, आणि संध्याकाळी बघते तर हा बसलेला. बोलत नाही मेला. नुसता बघतो." गेनोवेफाआजीने कपाळ चोळलं. "डोकं तेवढं फार ठणकतं. आनंदानेच असेल."

म्हातारीचे गाल नवरीसारखे लाल झाले होते. बोग्नाचं हसू मावळलं. तिच्याही कानशिलांत ठोके पडू लागले होते. शेगडीखाली मांजर पसरलं होतं. ती आल्यापासून ते हललं नव्हतं.

मागे खुर्ची करकरली.

बोग्नाने वळून पाहिलं नाही. खोक्यातलं यंत्र काढून तिने बटण दाबलं. त्यावरचा आकडा चढत गेला, चढतच गेला, आणि ते तिच्या हातातच किंचाळू लागलं.

"आजी, उठा! बाहेर चला!"

"त्याला एकट्याला टाकून?" म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. बोग्नाने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला फरफटतच अंगणातल्या बर्फात आणलं.

तासाभरात दलाची माणसं छपरावर चढली. धुरांड्यात पाखरांनी घरटं बांधलं होतं. शेगडीचा विषारी वायू दोन दिवस घरातच कोंडत होता. ना वास, ना रंग. डोक्यात चढला की नसलेली माणसंही दिसतात, असं दलातल्या एकाने आजीला सांगितलं. मांजराला कुणीतरी पोत्यात घालून नेलं.

रुग्णवाहिकेच्या पायरीवर गेनोवेफाआजी प्राणवायूचा मुखवटा लावून बसली होती. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ती शेगडीच्या खोलीकडे टक लावून पाहत होती.

"आता काळजी नाही, आजी," बोग्ना तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली. "यंत्र मी स्वतः भिंतीला ठोकून देते. पुन्हा वायू साठला तर ते लगेच ओरडेल."

म्हातारीने मुखवटा जरासा बाजूला केला.

"लगेच?"

"म्हणजे, थोडा साठावा लागतो. मग ओरडतं."

म्हातारीने तिचा हात हातात घेतला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"थोडा म्हणजे किती वेळ गं, पोरी?"