रोलचे पहिले दोन फोटो

प्रवासाला निघण्याआधी बाबा वहीत फोटोंची यादी करत. दीपगृह, लाकडी पूल, घोड्यावर बसलेली लेक. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये छत्तीसच फोटो, उधळून कसे चालतील! नवा रोल घातला की पहिले दोन फोटो उजेड लागून जळतातच, म्हणून ते कशावर तरी रोखून उडवून टाकायचे. बाबा ते नेमके दाराला कुलूप लावणाऱ्या आईवर रोखत.

"तुझा नाही गं काढत, रोल पुढे सरकवतोय."

"कळलं हो. वाया जाणारे तेवढे माझ्या वाट्याला!" आई पाठमोरीच टोला हाणायची.

बाबा गेल्यानंतर मायलेकी पहिल्यांदाच प्रवासाला निघाल्या. कुठे काय टिपायचं ते ठरवायला लेकीने बाबांची वही उघडली. प्रत्येक यादीच्या डोक्यावर, एक नंबरच्याही आधी, एकच ओळ होती: 'कुलूप लावताना ही.' मागच्या पाकिटात अर्धवट जळलेले फोटो जपून ठेवले होते. आधी लांब वेणी, मग अंबाडा, मग पांढरा होत गेलेला अंबाडा.

लेकीने वही आईपुढे धरली. आईने ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"लबाड माणूस," एवढंच म्हणाली.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. आईने दाराला कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरली, थबकली आणि मागे फिरून तिने कुलूप काढलं.

"काय गं, काही राहिलं का?"

"फोन काढ," आई पाठमोरीच म्हणाली. "मी परत लावते."