सोबत न येणारी व्यक्ती

जंगलसहलीचे दोन्ही फॉर्म दुपारी तीन वाजता परत आले. कारण एकच होतं आणि ते लाल अक्षरांत होतं: आपत्कालीन संपर्कासाठी दिलेली व्यक्ती सोबत प्रवास करणारी नसावी.

मोजणीदारांनी बाईंचं नाव लिहिलं होतं, बाईंनी मोजणीदारांचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली. बँकेत, दवाखान्यात, विम्याच्या कागदांवर दोघं हेच लिहीत आली होती, म्हणून हात आपोआप तिकडेच गेला. पण ढगांच्या जंगलात फोन लागत नाही. तिथल्या निसरड्या वाटेवरून दोघं एकदमच खाली गेली तर आम्ही कोणाला कळवायचं, असा जंगलातलं निवासस्थान चालवणाऱ्यांचा साधा प्रश्न होता. सहा वाजेपर्यंत उत्तर गेलं नाही तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती. आणि अख्ख्या जंगलात खोल्या होत्या पाच.

बाकी तयारीला नाव ठेवायला जागा नव्हती. मोजणीदारांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सहलच मोजायला घेतली. माणशी सामान दहा किलोच्या आत हवं, तर ते त्यांनी नऊ किलो आठशेवर आणून ठेवलं होतं. बाहेरचं बी जंगलात शिरू नये म्हणून बुटांचे तळ घासून आणा, असं पत्रकात होतं. त्यांनी जुन्या टूथब्रशने चारही तळ कोरून काढले होते. बाई त्यांना हसायच्या, पण जीव त्यांचाही तिथेच अडकला होता. ढगच झाडांत शिरतात आणि पाऊस नसतानाही फांद्या ठिबकत राहतात, हे त्यांनी तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. बाई, तुम्ही पाहिलंय का, असं वर्गातल्या एका मुलीने विचारलं, तेव्हा त्यांनी फळा पुसायला घेतला होता.

मोजणीदार येरझारा घालू लागले. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, परत सात. कोणाचं नाव लिहायचं हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच दोघंही दुसरी नावं घेत होती. मोजणीदारांचा भाऊ? त्याला ऐकू येत नाही. बाईंची मावसबहीण? ती काय झालंय ते कळायच्या आधीच रडायला लागते. स्वतःच्या मुलीचं नाव कोणी काढलं नाही. तिच्याशी बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. आधी कोणी बोलायचं, एवढंच काय ते उरलं होतं. बाईंनी दोनदा फोन हातात घेतला होता आणि दोन्ही वेळा नवऱ्याच्या तोंडाकडे बघून खाली ठेवला होता.

शेवटी साडेपाचला मोजणीदार तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले. माणूस भला. एका म्हाताऱ्याच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझं नाव घाला की, म्हणाला. मोजणीदारांचा जीव भांड्यात पडला. ते पायऱ्यांकडे वळले, तेवढ्यात त्याने मागून हाक मारली.

"खुशाल घाला. पण मला कळवल्यावर मी कोणाला कळवू?"

मोजणीदार वर आले. बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी कपाटातून नंबरांची वही काढली आणि पान उघडून नवऱ्यापुढे ठेवली.

"मला जंगल बघायचंय. आणि मला ती पण हवीय," त्या म्हणाल्या. "पण फोन तुम्ही करायचा."

सहाला दहा मिनिटं कमी होती. मोजणीदारांनी नंबर दाबला. तो चुकला. परत दाबला, परत चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"कोण बोलतंय?" मुलीने विचारलं.

"मी."

तिचा आवाज एकदम चढला. "आईला काय झालं?"

काही नाही, आई समोरच बसलीय, असं ते घाईघाईने म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. जंगल, फॉर्म, लाल अक्षरं. तुझं नाव लिहिलं तर चालेल का, एवढं मात्र त्यांनी अगदी शेवटी विचारलं.

"लिहा. त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली. "मी सगळीकडे तुमचंच लिहिते. ऑफिसात, घरमालकाकडे. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, तिथेही तुमचंच दिलं होतं."

मोजणीदार खुर्चीत बसले. "नंबर कोणता दिलास?"

तिने सांगितला, तोंडपाठ. तो कचेरीचा फोन होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तो ठेवून त्यांनी परत केल्याची सही केली होती. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तो आता माझ्याकडे नाही गं," ते म्हणाले. "हा नवा लिहून घे."

"दिसतोय मला इथे, बाबा."

"तरी लिही."

ते एकेक आकडा सावकाश सांगत गेले. सहाला तीन मिनिटं उरली होती. बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावून घड्याळ दाखवलं, पण मोजणीदारांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आता परत म्हणून दाखव," ते म्हणाले.