भरावाचा फोटो
फोटोखाली छापलं होतं, ‘अलास्कातील बंदराची सुधारणा’. एल्सीनं बोट ठेवलं. “आजोबा, होडीत दोर धरून उभा हा खुळा कोण?” “माझा बाप.” पोरं खिदळली, मीही हसलो. मग सांगितलं. तेव्हा आमचं घर लाकडी खांबांवर उभं होतं, भरती घराखाली यायची, होडी घराच्याच खांबाला बांधायचो. त्या उन्हाळ्यात सामन मासे सुकवायला बाबा, माझी आजी आणि मी खाडीच्या वरच्या टोकाला गेलो. परतलो तर घरासमोर दूरपर्यंत खडीचा भराव, त्यावर ट्रक. बाबा दोर घेऊन खांब शोधत राहिले. “अरे, उतर आणि चालत जा!” ट्रकवाला ओरडला. “आता पाय भिजायचे नाहीत!” आजी उतरेना. “हे आपलं घर नाही. घरी ने.” बाबांनी होडी वळवली, दुपारभर खाडीत फिरवली आणि पुन्हा तिथंच आणली. “आई, आलं घर. उतर.” तिनं खडीपलीकडचं दार पाहिलं. “हो रे. पाणी दाराशी येऊ दे, मग उतरते.”