बंदीची ओळ

धाकटी तोंडघशी पडली, तर थोरल्याला तीन गोष्टी मिळणार होत्या: विभागप्रमुखाची खुर्ची, खिडकीजवळची केबिन आणि साहेबांच्या तोंडून तिचं कौतुक ऐकण्यापासून सुटका. खरं सांगायचं तर तिसरीसाठी त्यानं पहिल्या दोन सोडल्याही असत्या.

धाकटी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेली इंजिनिअर. थोरला नऊ वर्षं जुना.

भांडण सोनोग्राफीच्या यंत्रात होतं. यंत्र चालू असताना प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा तो तुकडा, काढून पुन्हा लावला, की सगळं गोठायचं. प्रोब ओळखणारे ड्रायव्हर, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, दोन: जुना थोरल्यानं लिहिलेला, नवा धाकटीनं. दोघंही एकदम झडप घालायचे आणि मधल्यामध्ये यंत्राचा मुख्य प्रोग्रॅम, कर्नल, आडवा.

“मिटलं भांडण, दादा!” सकाळी धाकटी म्हणाली. “नव्यात तुमचं बरंच उचललंय हं मी.”

“उचल की. तेवढंच राहिलं होतं.”

“आणि पूर्ण नाव कसं लिहिता तुम्ही? आडनाव आधी की शेवटी?”

“शेवटी. का, निरोपाचं कार्ड छापतेस?”

ती नुसती हसली. ते हसू त्याच्या घशाखाली उतरेना.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. ग्राहकाला दाखवायच्या यंत्रावर त्यानं बंदीच्या यादीत एक ओळ घातली. यादीतल्या ड्रायव्हरला कर्नल दारातही उभं करत नाही. ओळीत नाव नव्या ड्रायव्हरचं. आता प्रोब जुन्याच्या हाती जाणार, यंत्र झकास चालणार आणि धाकटीची मेहनत पाण्यात.

दुपारी यंत्र बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी प्रोब लावला. पडदा काळा. काढून पुन्हा लावला. काळाच.

“असली चाळीस यंत्रं घेऊ आम्ही?” पर्स उचलून त्या निघूनच गेल्या.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “निदान जुना ड्रायव्हर तरी चालायला हवा होता!”

“जुना काढून टाकलाय, साहेब,” धाकटी पुटपुटली. “दोन्ही मिळून एकच केलाय. नव्याच्या नावानं.”



“मग हा एकच ड्रायव्हर लिहिलाय कोणी? ज्यानं लिहिला असेल, त्याला आजच्या आज घरी धाडतो!”

धाकटीनं एकदा थोरल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनीच ड्रायव्हरची फाईल उघडली.

पहिल्याच ओळीत लेखकाचं नाव होतं. एकच. आडनाव शेवटी.