अलर्ट आलाच नाही

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, गर्दी होणार म्हणून रुचिकानं शिरपूरच्या जैन धर्मशाळेतल्या सर्व्हरचं सेटिंग बदललं. वायफायला जोडलेल्या प्रत्येक मोबाइलला तो नेटवर्कचा एक पत्ता द्यायचा. पत्ते संपत आले की तिला अलर्ट येणार होता.

सकाळी मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती, पण अलर्ट काही येईना. ती धावतच व्यवस्थापक लखमीचंदांकडे गेली.

"काका, सर्व्हर बसला वाटते!"

"कायले बसते, पोरी? साऱ्यायनं आज उपासासंगं मोबाइल बंद ठेवाचा नेम घेतला."

तिनं मंडपात डोकावलं. लेकराबाळांसकट एवढी माणसं, अन् श्वास ऐकू यावा इतकी शांतता! भारावून तिनं हातातल्या मोबाइलवर सर्व्हर उघडला.

दिलेला पत्ता एकच होता. तिचा.